चुकलं माकलं असेल तर

गेट बसलं, पण लागेना. गुरुवारी दुपारी विश्रामबागेतल्या चर्चच्या दारात याकोबराव सातपुते नव्या गेटचे दोन्ही पल्ले पुन्हा पुन्हा मिटवून बघत होते, आणि प्रत्येक वेळी कडी कोयंड्याच्या बरोबर एक इंच अलीकडे थांबत होती. गेट त्यांच्याच कारखान्यातलं आणि त्यांनीच चर्चला अर्पण केलेलं. रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकरी वाटून खाण्याच्या उपासनेआधी चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, त्या गेटपाशी प्रार्थना करणार होते. शेजारी लोंढेगुरुजी उभे होते. ते निवृत्त शिक्षक, आणि याकोबरावांसारखेच मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. त्यांनी वाकून फटीला डोळा लावला आणि म्हणाले, "चालतंय हो. फार तर डास येतील."

याकोबराव गुरुजींना काही बोलले नाहीत. एक तर गुरुजी वयानं मोठे, आणि दुसरं म्हणजे पाय चर्चच्या आवारात होते. त्यांनी गाडीला किक मारली आणि तडक कुपवाड गाठलं. वाटेत डोकं थंड व्हायला भरपूर वाव होता. दोन सिग्नल लागले, एक ट्रॅक्टर आडवा आला, ओळखीच्या एकानं थांबवून तब्येतही विचारली. पण याकोबरावांनी आपला राग दुधाच्या किटलीसारखा न सांडता कारखान्यापर्यंत नेला.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे असली कामं तिथं होत. माणसं सात, आणि त्यांत मुख्य बिराप्पा. जत तालुक्यातल्या धनगराच्या घरातला हा माणूस बावीस वर्षं याकोबरावांकडे वेल्डिंग करत होता. मालकाच्या आवाजाची त्याला इतकी सवय झाली होती की मालक एखाद्या दिवशी आले नाहीत, तर कुठली तरी मशीन बंद असल्यासारखं त्याला वाटे. तरीही चार वाजताचा चहा दोघं मिळून घेत, लाकडी बाकावर शेजारी बसून. त्या गुरुवारीही ओरडण्यापर्यंत सगळं नेहमीसारखंच होतं. माप कुणी घेतलं, लोखंड कुणी कापलं, डोळे कुठं गहाण टाकले होते, इथवर बिराप्पा मान खाली घालून ऐकत होता. मग याकोबरावांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"तुला इंच कळत नाही, फूट कळत नाही. तू आपला जतला जा आणि मेंढरं राख."

उरलेले सहा जण तिथंच उभे होते. बिराप्पानं मशीन बंद केली, नळावर जाऊन हात धुतले आणि दुसऱ्या कामाला लागला. चार वाजता चहा आला तेव्हा तो बाकाकडे फिरकला नाही. शुक्रवारीही नाही. विचारलं की "व्हय", नाहीतर "न्हाई", एवढंच त्याचं बोलणं उरलं. याकोबरावांनी दोन दिवस एकट्यानं चहा प्यायला. तो त्यांना गोड लागला नाही, पण दोष त्यांनी चहावाल्याला दिला.

शुक्रवारी जेवताना त्यांनी सगळी हकीकत बायकोला ऐकवली. मार्थाबाईंनी भाकरी वाढता वाढता एकच प्रश्न विचारला. "माप कुठल्या टेपनं घेतलंत?"

हा प्रश्न याकोबरावांना कुणीही विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. त्यांच्या खिशातल्या जुन्या टेपचा पहिला इंच सात वर्षांपूर्वी तुटला होता. त्या टेपनं मोजलं की माप एक इंच जास्त यायचं. म्हणून मालकाच्या चिठ्ठीतल्या प्रत्येक आकड्यातून एक इंच वजा करायचा, ही कारखान्याची रीत होती. ती कुठं लिहून ठेवलेली नव्हती; बिराप्पाच्या हातात बसलेली होती. आणि गेल्याच आठवड्यात, वाढदिवसाला, मार्थाबाईंनी नवऱ्याला नवा कोरा टेप भेट दिला होता.

"नव्या टेपनं," याकोबराव म्हणाले.

"आणि टेप नवा आहे हे बिराप्पाला सांगितलंत?"

सांगितलं नव्हतं. पण कारखानदार माणूस लगेच हार मानत नसतो. आधी ते म्हणाले, बिराप्पानं विचारायला नको का? मग म्हणाले, गुरुजी डासांचं बोलले नसते तर एवढं झालंच नसतं. आणि शेवटी, फार विचार न करता, "तू टेप दिलाच कशाला?" असंही म्हणून बसले. मार्थाबाईंनी भाकरीची टोपली झाकून ठेवली. त्या रात्री दुसरी भाकरी मिळाली नाही.

शनिवारी सकाळी याकोबराव चर्चच्या दारात असताना पाळकसाहेब गेट बघायला आले, आणि मार्थाबाईंनीच त्यांच्या कानावर सगळं घातलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. वयानं याकोबरावांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलणं शांत, आणि शांत बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. याकोबरावांनी आपली बाजू मांडली. म्हणाले, मी काय मुद्दाम केलं का? मला राग आला.

"कुठून आला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"काय?"

"राग. वाईच्या एस.टी.नं आला का? तुम्ही दारात उभे होतात आणि तो पिशवी घेऊन उतरला?"

"मराठीत असंच म्हणतात, साहेब."

"मराठीत 'मी रागावलो' असंही म्हणतात. त्यात करणारे तुम्ही आहात. आपण सगळे पहिलंच वाक्य वापरतो, कारण त्यात दोष आपल्याकडे येत नाही." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "उद्या भाकरीचं ताट तुमच्या हातात आहे, याकोबराव. त्याआधी बिराप्पाशी समेट करून या. नाही झाला, तर ताट घेऊ नका."

हे मात्र वर्मी लागलं. अकरा वर्षं प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट याकोबरावच बाकाबाकावरून फिरवत आले होते. तीन महिन्यांतून एकदाच तो दिवस येई. त्यासाठी एक पांढरा सदरा वेगळा ठेवलेला होता आणि त्याला इस्त्री ते स्वतः करत. मंडळी त्यांना तापट म्हणत, मोठ्या आवाजाचे म्हणत, पण ताट घेऊन चालतानाची त्यांची चाल सगळ्यांना आवडे, आणि ते याकोबरावांना माहीत होतं. ताट घेतलं नाही तर सगळी मंडळी विचारणार, आणि काय सांगणार? गेट एक इंच कमी पडलं म्हणून?

त्यांनी वाक्य पाठ केलं. बिराप्पा, मी रागावलो, माझं चुकलं. कुपवाडला जाताना गाडीवर त्यांनी ते पंधरा-वीस वेळा म्हटलं, आणि शेडच्या दारापर्यंत ते नीट येत होतं. मग त्यांनी बिराप्पाला ऑफिसात बोलावलं आणि "बस" म्हणाले. बावीस वर्षांत ऑफिसातल्या खुर्चीवर बिराप्पाला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. तो खुर्चीच्या कडेला टेकला आणि मालकाच्या तोंडाकडे बघू लागला. त्या बघण्यानं याकोबरावांच्या पाठ केलेल्या वाक्याचे सांधे निखळले.

"ते गेटचं," ते म्हणाले. "म्हणजे तू इंच वजा केलास, त्यामुळं मला जरा राग आला. तसं तुझंही चुकलं नाही म्हणा. पण विचारायला हवं होतंस. असो." आणि आता कसं तरी संपवायचं म्हणून त्यांनी हात जोडले. "इतक्या वर्षांत काही चुकलं माकलं असेल तर माफ कर."

आपल्याकडे हे वाक्य माणूस तीनच वेळा म्हणतो. नोकरीतून निवृत्त होताना सत्काराची शाल खांद्यावर असताना, लेकीच्या पाठवणीला व्याह्यांसमोर, आणि अंथरुणाला खिळल्यावर, जवळची माणसं भोवती बसलेली असताना. याकोबराव निवृत्त होत नव्हते, आणि बिराप्पा त्यांचा व्याही नव्हता. उरलं तिसरं.

"मालक," बिराप्पा हळू आवाजात म्हणाला, "डाक्टर काय म्हनला?"

"कसला डॉक्टर?"

"बरं. ऱ्हाऊ द्या." आणि तो उठून गेला. याकोबरावांना वाटलं, समेट झाला. अगदी हलकं वाटलं त्यांना.

बिराप्पानं ही गोष्ट फक्त बायकोला, धोंडुबाईला, सांगितली. पण धोंडुबाईचा बाप शेवटच्या दिवशी हेच शब्द बोलून गेला होता, त्यामुळं तिनं फोनवरच डोळ्याला पदर लावला. तिनं ते एका कामगाराच्या बायकोला सांगितलं, फक्त तिलाच. त्या कामगारानं सुतावरून स्वर्ग गाठला: मालक ऑफिसात बसवून एकेकाचा निरोप घेतायत, कारखाना विकलाय, मुंबईला ऑपरेशन आहे. त्याचा मेव्हणा लोंढेगुरुजींच्या शेजारी राहायचा. गुरुजींनी बातमी ऐकली, आणि आपण डासांबद्दल बोललो त्याचा त्यांना मनापासून पश्चात्ताप झाला. त्यांनी मंडळीतल्या चार घरांना प्रार्थनेची विनंती केली, आणि त्यातल्या एका घरानं याकोबरावांच्या वाईच्या बहिणीला फोन लावला.

संध्याकाळी सहाला याकोबराव प्रभुभोजनाच्या तयारीची सभा आटोपून, पाळकसाहेबांना चहाला घेऊन घरी आले, तेव्हा दाराबाहेर बावीस जोड चपला होत्या. आत कारखान्यातली सगळी माणसं होती, चार घरची मंडळी होती, धोंडुबाई पाच शहाळी घेऊन बसली होती, आणि गुरुजी एका कोपऱ्यात डोळे मिटून प्रार्थना करत होते. मार्थाबाईंचे डोळे सुजले होते. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "रिपोर्ट कुठं लपवून ठेवलेत? मला का सांगितलं नाही?" तेवढ्यात फोन वाजला. वाईहून बहीण बोलत होती. ती एस.टी.त बसली होती, कराड सोडलं होतं आणि रडत होती.

कुणी त्यांना खुर्चीवर बसवलं, कुणी शहाळं तोंडाशी धरलं, आणि गुरुजी प्रार्थनेत 'आमच्या भावाच्या शेवटच्या प्रवासात' असं म्हणाले. तिथं याकोबरावांचा संयम सुटला. "कुणी सांगितलं मी मरतोय म्हणून?" त्यांचा आवाज खिडकीच्या काचांपर्यंत गेला. "डोक्यात काय भुसा भरलाय का सगळ्यांच्या? चला, निघा इथनं. त्या शहाळ्यांसकट निघा."

घरभर समाधान पसरलं. धोंडुबाईनं छातीवर हात ठेवला. "आवाज चांगला हाय गं बाई मालकाचा. मरनारा मानूस असा वरडत न्हाई." सगळ्यांना ते पटलं. कुणी हसलं, कुणी शहाळं फोडलं, मार्थाबाई डोळे पुसून चहा ठेवायला आत गेल्या, आणि ज्यांना निघायला सांगितलं होतं ते सगळे ऐसपैस बसले. हसला नाही तो फक्त बिराप्पा. तो दारापाशी उभा होता.

"म्हंजे मालक, तुमी आजारी न्हाई."

"नाही रे बाबा."

"मंग ते चुकलं माकलं कशाचं हुतं?"

आता सांगायचं होतं, आणि ऐकायला सगळेच होते. याकोबरावांनी पाळकसाहेबांकडे बघितलं, मग शहाळ्याकडे. "असंच," ते म्हणाले. "एकूण."

"एकूण," बिराप्पा म्हणाला. त्यानं चप्पल पायात सरकवली आणि तो गेला.

माणसं पांगल्यावर मार्थाबाई फारसं बोलल्या नाहीत. वाईहून आलेल्या नणंदेला त्यांनी जेवायला वाढलं, आणि मग नवऱ्याला एवढंच विचारलं, की चुकलं ते मला कळलं, पण ते माकलं म्हणजे नेमकं काय केलंत? याकोबरावांना हसू आलं नाही. आपण अशी माफी मागितली की जिच्यात गुन्हाच नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. 'असेल तर' म्हणून त्यांनी मागचं दार उघडं ठेवलं होतं आणि त्यातून स्वतःच निसटले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी साडेसातला ते कुपवाडला बिराप्पाच्या घरी पोचले. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता. बिराप्पा अंगणात शेळीला पाला घालत होता. त्यानं "या" म्हटलं, धोंडुबाईनं चहाचं आधण ठेवलं, पण याकोबराव बसले नाहीत. बसलो तर पुन्हा 'असो' म्हणू, अशी त्यांना भीती होती.

"बिराप्पा, गुरुवारी मी रागावलो. टेप नवा होता आणि ते मी तुला सांगितलं नव्हतं. पण ते राहू दे. माप खरंच तुझं चुकलं असतं, तरी रागावलो मीच असतो. जतला जा, मेंढरं राख, हे मी म्हणालो. कुणी म्हणायला लावलं नाही. मला माफ कर."

बिराप्पानं हातातला पाला शेळीपुढं टाकला.

"शिव्यांचं काय न्हाई मालक. बावीस वर्सं ऐकतोय. तुमी शिव्या देतासा आन् चार वाजता चा पाजतासा. पर तुमी मेंढरं म्हनलासा. माझ्या बानं जलमभर मेंढरं राखली. एक कोकरू मागं ऱ्हायलं तर अंधारात चार कोस माघारी जायाचा. आमी पोरं उपाशी बसायचो त्याची वाट बघत. आन् आपल्या हापिसात चर्चचं क्यालेंडर हाय बघा. त्याच्याम्होरं तुमी रोज सकाळी डोळं मिटून उभं ऱ्हातासा. त्या बाबाच्या खांद्यावर काय हाय?"

"कोकरू," याकोबराव म्हणाले.

"मंग?"

पन्नास वर्षं याकोबराव त्याच मेंढपाळ प्रभूवरचे संदेश ऐकत आले होते, त्याची गाणी म्हणत आले होते, दोनदा तर त्यांनी स्वतः मंडळीपुढं उभं राहून त्यावर साक्ष दिली होती. आणि तोच शब्द त्यांनी शिवी म्हणून वापरला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिराप्पाला ते बघवेना, म्हणून तो कॅलेंडरविषयीच बोलू लागला.

"धरलंय बी झ्याक त्यानं. पुढचं-मागचं पाय मुठीत घट्ट. ज्यानं चित्र काढलंय त्यानं मेंढरं बघितल्याली हायती. न्हाईतर लोक कायबी काढत्यात."

"मग माफ केलंस?" याकोबरावांनी विचारलं.

"माझ्यापुरतं केलं. पर तुमी बोललासा सा जनाम्होरं. माफी शेळीम्होरं मागताय." शेळीनं मान वर केली नाही. "त्यांच्याम्होरं बी म्हना. उद्या म्हना, आज कारखाना बंद हाय."

याकोबरावांनी घड्याळ बघितलं. पावणेआठ. सहा जणांना फोन करून नऊच्या आत चर्चच्या गेटपाशी उभं करता येईल का, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण अकरा वर्षांच्या ताटासाठी सहा माणसांना रविवारी पळवणं म्हणजे पुन्हा आपलंच घोडं दामटणं होतं. ते बसले आणि चहा प्यायले. तो गोड होता.

चर्चमध्ये त्यांनी पाळकसाहेबांना बाजूला घेतलं. "आज ताट गुरुजींना द्या. माझं अर्धंच झालंय." पाळकसाहेबांनी काही न विचारता मान हलवली. गेटसाठी त्यांनी गेट उघडं ठेवूनच प्रार्थना केली. मग गुरुजी ताट घेऊन निघाले. त्यांच्या हातात ताट डावीकडे कलत होतं, आणि तिसऱ्या बाकावरून याकोबराव ते नजरेनं सरळ करत होते. काल ज्यांनी शहाळी प्यायली त्या सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. ताट त्यांच्यापाशी आलं तेव्हा त्यांनी काही न घेता ते मार्थाबाईंकडे दिलं. मार्थाबाई चर्चमध्ये नवऱ्याच्या जवळ सरकून बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्या दिवशी बसल्या. याकोबरावांना वाटलं होतं, मान खाली जाईल. ती गेली नाही, उलट फार दिवसांनी खांदे सैल पडले.

सोमवारी सकाळी नऊला ते कारखान्यात शिरले. गेटचे पल्ले दुरुस्तीला परत आलेले होते आणि बिराप्पा त्यांच्यापाशी तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढवून उकिडवा बसला होता. बाकीचे सहा जण आपापल्या जागी होते. याकोबरावांनी सगळ्यांना काम थांबवायला सांगितलं. मशिनी बंद झाल्या. आता कारखाना विकल्याचं जाहीर होणार, अशा तयारीत पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"गुरुवारी मी रागावलो," याकोबराव म्हणाले. "बिराप्पाला मेंढरं राख म्हणालो. चूक माझी होती आणि रागही माझाच होता. मी सगळ्यांच्या समोर त्याची माफी मागतो."

शब्द सगळे बरोबर आले, पण आवाज जेमतेम दाराशेजारच्या पोरापर्यंत पोचला. बिराप्पानं सावकाश मुखवटा वर केला.

"काय म्हनलासा मालक? ग्राइंडरच्या आवाजात कायच ऐकाय आलं न्हाई."

याकोबरावांनी ग्राइंडरकडे बघितलं. त्याची पिन बोर्डातून काढून बाजूला ठेवलेली होती. सहाही पोरांनी त्या पिनकडे बघितलं आणि मग मालकांकडे. बिराप्पाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती. याकोबरावांचे कान गरम झाले. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि देवानं दिलेला सगळा आवाज लावून ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. शेडचे पत्रे हलले. पलीकडच्या कारखान्यातली चार माणसं कुणाला झापतायत ते बघायला दारात आली, आणि त्यांनीही सगळं ऐकलं.

"आत्ता आलं," बिराप्पा म्हणाला, आणि त्यानं मुखवटा खाली ओढला.